बिनआवाजाची कुस्ती

बडोदा,
२८ जुलै २०२५

आदरणीय सरोजिनीबाई यांस,

येशू तुम्हा सर्वांना शांती देवो.

आम्ही सर्व इथे मजेत आहोत. माझी तब्येत ठीक आहे. कानांनी आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून कृपया फोन करू नये.

पत्र लिहिण्याचे कारण, माझ्या पाचूबंदरच्या घराची चावी तुमच्याकडे आहे. ती माझा पुतण्या ॲलिस्टर याला द्यावी. तो घर रिकामे करून घेईल आणि यापुढे घर त्याच्याकडेच राहील. मी परत येण्याचा विचार आता सोडला आहे. सामानाचे काय करायचे ते त्याला सांगितलेले आहे.

श्रीरंगभाऊंना नमस्कार. कौस्तुभला आशीर्वाद.

आपली,
क्लेमेंटीन


॥ श्री ॥

तुळिंज, नालासोपारा पूर्व
६ ऑगस्ट २०२५, श्रावण शुद्ध द्वादशी

क्लेमेंटीन,

तुझं पत्र पोचलं. तुझं म्हणजे, खाली नाव तुझं आहे एवढंच मी म्हणू शकते.

तू मला 'सरोजिनीबाई' कधीपासून म्हणायला लागलीस? तुमच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहायला आलो त्या दिवसापासून मी तुझी 'सरोज', आणि चिडलीस की 'ए भाजीपाला'. 'आपली' काय, 'कृपया' काय! आणि अक्षर? तुझ्या ओळी भरतीला वर चढायच्या आणि ओहोटीला खाली घसरायच्या. या पत्रातल्या ओळी पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ आहेत.

आता चावीचं. गेल्या वर्षी तुझा लेक जेसन तुला न्यायला आला तेव्हा टेम्पोत बसता बसता तू ती माझ्या पदराला बांधलीस. गाठ तू मारलीस. म्हणालीस, "मी स्वतः सांगेन तेव्हाच ही दुसऱ्याच्या हातात द्यायची. जेसनने मागितली तरी नाय." आणि वर, "या घरातूनच माझी पेटी निघायची हाय." वर्षभरात असं काय झालं की 'परत येण्याचा विचार सोडला आहे'? तू तर इथून जाताना तुळशीसारखा तो कढीपत्ता मला सांभाळायला दिलास, परत नेईन म्हणून.

तुझा ॲलिस्टर रविवारी मिस्सा आटपून मोटारसायकलवरून आला होता. मी पोहे केले. विचारलं, "काकी कशी आहे रे तुझी?" तर पोह्यातले शेंगदाणे वेचत म्हणतो, "काकी ठीक आहे."

"बडोद्याला जाऊन आलास?"

"आलो ना."

"चालते-फिरते ना ती?"

"आंटी, थोडं पाणी देता का?"

पाण्याचा तांब्या त्याच्या समोरच होता. लहानपणी आमच्या खिडकीतली लोणच्याची बरणी फोडून हाच पोरगा असाच माझ्या मागच्या भिंतीकडे बघत बोलायचा. मी चावी दिली नाही. सापडत नाही म्हणाले. सापडत नाही कशी, पदराला नसली तरी देव्हाऱ्यात आहे.

हे म्हणतात, "देऊन टाक की. तुला जिथे तिथे काळं मांजर दिसतं." दिसतं. मी घरचा हिशोब ठेवणारी बाई आहे. पहिल्याच फटक्यात जुळलेली बेरीज मी पुन्हा करते.

काल पुत्रदा एकादशी झाली. पोथी वाचून रात्री पाणी प्यायला उठले तर कौस्तुभ मोबाइलवर फायटिंग बघत होता. मी त्याच्या मागे उभी राहिले. केवढे दिवे, केवढा धूर, आणि तो निवेदक नुसता बोंबलतोय. म्हटलं, आवाज बंद कर रे. तो म्हणाला, "आई, आवाज बंद केला तर कळणार काय?" त्याला काय सांगू! आम्हाला आवाज बंद असतानाच सगळं कळायचं.

आठवतं तुला? यांची बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी, तुझा सेबेस्टियन होडीवर, आणि तुझे सासरे टीव्हीसमोरच्याच बाकावर झोपलेले. त्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज पार बंद. आपण दोघी जमिनीवर. केबलवाला जॅक्सन संध्याकाळी सायकलवरून जाताना खिडकीत डोकवायचा, "सरोजवहिनी, उद्या तुमची एकादशी ना? कॅसेट लावतो रात्री." सगळ्या पाचूबंदराला माझ्या एकादशीला फायटिंग बघायला मिळायचं. तू पैलवानांना माशांची नावं दिलीस. घोळ, शिंगाळा, बोंबील. मी मासे खात नाही, पण घोळ कसा रुंद असतो आणि शिंगाळ्याला मिशा असतात हे मी त्या पैलवानांवरून शिकले. देवाने विचारलं की जागरण कुठे केलंस, तर सांगेन, डोळे उघडे होते की नाही एवढं बघ.

तर या पत्राचं उत्तर तुझ्या हातचं पाठव. नाही तर कौस्तुभच्या फोनवर तोंड दाखव. ऐकू येत नसेल तर नको येऊ दे, मला नुसतं बघायचंय. तेही नको असेल तर मीच येते. गाडी वसई रोडवरून थेट आहे.

सरोज


बडोदा,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय सरोज,

'सरोजिनीबाई' ही क्रिस्टिनाची चूक. सुनेला वाटलं मोठ्या माणसांना तसंच लिहायचं असतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. डॉक्टरांनी लिहायला-वाचायला बंदी केली आहे, म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. तुझं पत्रही तीच मोठ्या अक्षरात लिहून दाखवते.

फोनवर तोंड दाखवणार नाही. दात काढले आहेत, नवे अजून बसायचे आहेत. आणि इतक्यात येऊ नकोस. घरात रंगकाम चालू आहे, बसायला जागा नाही.

घोळ, शिंगाळा, बोंबील, सगळे आठवतात. जॅक्सनही आठवतो. सासऱ्यांचं घोरणंही आठवतं. टीव्हीचा आवाज बंद असायचा आणि त्यांचा चालू.

ॲलिस्टरवर संशय घेऊ नकोस. चांगला पोरगा आहे. नोव्हेंबरात त्याचं लग्न आहे, त्याआधी त्याला छपराचं काम करायचं आहे. पाऊस उघडला की लगेच सुरू करायला हवं. म्हणून चावी दे. मी सांगते आहे.

तुझी,
क्लेमेंटीन


॥ श्री ॥

तुळिंज
४ सप्टेंबर २०२५, भाद्रपद शुद्ध द्वादशी

प्रिय क्लेमेंटीन,

उत्तराला उशीर झाला, घरात गणपती आहेत. अनंत चतुर्दशीपर्यंत श्वास नाही.

डोळ्याचं ऑपरेशन, दातांचं काम आणि घराला रंग, तिन्ही एकदम. आपल्या फायटिंगमध्ये पंच पाठ फिरवायचा ना, तेव्हाच कोणीतरी खाली जाऊन घडीची खुर्ची उचलायचा. इथे तर तीन-तीन पंचांनी पाठ फिरवली आहे. असो. मी आपलं मनात आलं ते लिहिलं.

घोरण्याचं तू लिहिलंस ते वाचून हसले खरी. पण तुझ्या सासऱ्यांचं घोरणं सेबेस्टियनला माहीत, जेसनला माहीत, ॲलिस्टरलाही माहीत. पैलवानांची नावं तर माझ्याच पत्रातली.

तुला ती शिंगाळ्याची कुस्ती आठवते का, पिंजऱ्यातली? मला ती काल जागरणाला सारखी डोळ्यांपुढे येत होती. होळीच्या चार दिवस आधीची आमलकी एकादशी होती. समोरच्या आवारात पोरांनी लाकडं रचलेली, त्यासाठी कोणीतरी तुझी माशांची मोडकी पाटी पळवलेली. तू मटणाची वाटी मांडीवर घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, एकादशी आहे ग माझी, लांब बस. तर म्हणालीस, वास काय तुझ्या पोटात जातो? आणि शिंगाळ्याने घोळाला पिंजऱ्याच्या वरून खाली फेकला तेव्हा तुझी वाटी कलंडली आणि रस्सा माझ्या चटईवर सांडला. ते डाग गेलेच नाहीत. सांग बरं, बरोबर आहे ना सगळं?

त्या कुस्तीवरूनच आपलं वाजलं होतं. मी म्हटलं, हे सगळं खोटं. तू म्हणालीस, खोटं कसं, एवढ्या वरून पडला. दुसऱ्या दिवशी सेबेस्टियन होडीवरून आला तेव्हा त्याला पंच केलं. तो जाळं उकलत म्हणाला, "अगं, एवढा जड मानूस कोन उचलतो? जो पडतो तोच उडी मारतो. त्याने उडी नाय मारली तर उचलनाऱ्याची कंबर मोडेल आनि याची मान." मी म्हटलं, म्हणजे खोटंच. तर तू म्हणालीस, "खोटं नाय, समजूत हाय त्यांची." मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही नाही.

चावीचं म्हणशील तर सोमवारपासून पितृपक्ष लागतो. रिकाम्या घराचं कुलूप पितृपक्षात काढू नये. तो संपला की बघू.

सरोज


बडोदा,
१५ सप्टेंबर २०२५

माझी सरोज,

तुझं पत्र क्रिस्टिनाने मला दोनदा लिहून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच मागितलं.

हो. आठवते ती कुस्ती. तू म्हणतेस तसंच सगळं. आमलकी एकादशी, माझ्या मांडीवर मटणाची वाटी, आणि रस्सा तुझ्या चटईवर सांडला. तुझी चटई खराब केली त्याबद्दल माफ कर.

सरोज, तू रात्री नीट झोपतेस ना? या वयात जागरणं नकोत. उपवासही आता कमी कर. रोज सकाळी चार बदाम भिजवून खा, कंजूषपणा करू नकोस. श्रीरंगभाऊंना म्हणावं, एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवा. काही झालं आहे म्हणून नव्हे, आपली एक तपासणी. बाजारात एकटी जातेस का? पिशवीत एका कागदावर घराचा पत्ता लिहून ठेवत जा.

चावीची घाई नाही. तुला वाटेल तेव्हा दे. नाही दिलीस तरी चालेल, ॲलिस्टर कुलूप तोडून घेईल. तू त्याचा त्रास करून घेऊ नकोस.

मारिया मातेच्या सणाला तुझ्यासाठी मेणबत्ती लावली.

तुझीच,
क्लेमेंटीन


॥ श्री ॥

तुळिंज
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

सौ. क्रिस्टिना हिस,

हे पत्र तुझ्या नावाने लिहिते आहे, कारण मागची तिन्ही पत्रं तूच लिहिलीस. 'ती सांगते आणि मी लिहिते' यावर माझा विश्वास नाही. घरात आज घट बसले आहेत, दिवा लावून लिहिते आहे, म्हणजे खोटं लिहिणार नाही.

मुली, तू फसलीस. मागच्या पत्रात मी जी कुस्ती लिहिली, ती त्या रात्री झालीच नव्हती; सेबेस्टियनचं बोलणं तेवढं खरं, ते दुसऱ्या एका कुस्तीवरचं.

होळीच्या आधीची एकादशी म्हणजे तुमचा उपासकाळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. तुझी सासू राखेच्या बुधवारी चर्चमधून येऊन कपाळावरची राख न पुसता पहिलं काम काय करायची, तर टीव्हीवर पांढरी चादर टाकायची. चारी बाजूंनी खोचायची, जसं काही मेलेलं माणूस झाकते आहे. पास्काच्या रात्रीची मिस्सा होईपर्यंत ती चादर कोणी उचलायची नाही. सासऱ्यांना बातम्या बघायच्या असत तर शेजारी जावं लागायचं. जॅक्सन खिडकीत यायचा, मी हातानेच नाही म्हणायचे. त्या दिवसांतल्या एकादश्या मी कोरड्या काढल्या, पोथीवर. आणि मटण? उपासकाळात तिच्या घरात कालवणाचं भांडंसुद्धा वेगळं असायचं. एकदा तापात डॉक्टरने सूप प्यायला सांगितलं, तर ती माऊली तांदळाच्या पेजेवर राहिली, पण प्यायली नाही. मी उशाशी बसले होते.

ही गोष्ट मी जाणूनबुजून लिहिली. खरी क्लेमेंटीन असती तर तिने ते पत्र माझ्या तोंडावर फेकलं असतं. लिहिलं असतं, "ए भाजीपाला, माझ्या नावावर पाप लिहितेस?" तुझ्याकडून काय आलं? 'हो, तू म्हणतेस तसंच सगळं.' वर चटईची माफी! ती चटई कधी नव्हतीच. आम्ही गोणपाटावर बसायचो.

आणि मला बदाम, डॉक्टर, पिशवीत पत्ता. मला वेडी ठरवून ठेवायचं आणि मग म्हणायचं, त्या म्हातारीचं काय ऐकता, तिला काही आठवत नाही. कुलूप तोडण्याची धमकीही दिलीस. समजलं मला सगळं.

तोडून तर बघा. पाचूबंदरात अजून मला ओळखणारी माणसं आहेत. गेल्या आठवड्यात मी तिथे जाऊन आले. शेजारच्या हरेश्वर तांडेलांना सांगून ठेवलं आहे की त्या दाराला कोणी हात लावला तर मला फोन करा. तुमच्या चर्चच्या फादरनाही भेटले. ते म्हणाले, "बाई, कुटुंबातली गोष्ट आहे, त्यांनीच तुम्हाला सांगायला हवी." म्हणजे त्यांनाही काहीतरी माहीत आहे, आणि मलाच नाही.

मला घर नको. चावी घेऊन मी काय करणार? पण मला एकच सांग, आणि देवाला स्मरून सांग. माझी क्लेमेंटीन आहे ना? की ती गेली आणि तुम्ही तिच्या नावाने पत्रं लिहिता? गेली असेल तर मला कळवलं का नाही? मी काय तुमच्या जमिनीत वाटा मागणार होते? मी दारात नुसती उभी राहिले असते.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी यांना घेऊन बडोद्याला येते. पत्ता पाकिटावर आहेच.

सरोजिनी


बडोदा,
१ ऑक्टोबर २०२५

सरोजमावशींना,

नमस्कार. मी क्रिस्टिना.

तुमचं पत्र माझ्या नावाने होतं, पण मी ते मम्मींपासून लपवू शकले नाही. मी रडत होते आणि त्यांनी पाहिलं. त्यांनी पाटीवर लिहून मागितलं, सगळं लिही. मी सगळं लिहिलं. त्या इतक्या हसल्या की जेसन ऑफिसच्या फोनवरून उठून आला. जानेवारीनंतर त्या पहिल्यांदा हसल्या, मावशी.

पुढचं त्यांचं आहे. त्या म्हणाल्या, "या वेळी तुझं शुद्ध नको. मी बोलते तसंच्या तसं लिही. एक अक्षर बदललंस तर बघ." म्हणून तसंच लिहिते.

*

ए भाजीपाला,

मी हाय. मेले नाय. अर्धी हाय.

जानेवारीत मोरीत पडले. उठायला गेले तर उजवी बाजू उठेना. हात गेला, पाय गेला, तोंड एका बाजूला आलं. आता खुर्चीवर बसवतात आनि खुर्चीवरून उठवतात. डोळे चांगले हायत, तुझं बारीक अक्षर तेवढं लागत नाय, दात पन हायत तेवढे हायत. रंग तर या घराला जेसनच्या लग्नापासून नाय लावला. ती तिन्ही कारनं माझी. क्रिस्टिना म्हनत होती, मम्मी, मावशीला खरं सांगा. मीच तिला शपथ घातली. ॲलिस्टरला पन घातली, तिकडच्या फादरला जेसनकडून फोन करवून पन घातली. पोरगं तुझ्याकडे पानी मागत बसलं म्हनजे शपथ पाळली त्याने.

का नाय सांगितलं? डोक्यावर पाटी घेऊन मी वसईच्या बाजारापर्यंत चालत जायचे, तू मागून धावायचीस. त्या मला तू खुर्चीत बघायचं? तोंडातून लाळ गळते माझ्या. मना नको होतं. तू आलीस तर रडशील, आनि तुझं रडनं मना ऐकू पन येनार नाय, नुसतं दिसेल. ते जास्त वाईट.

घर मी माझ्या राजीखुशीने देते. ॲलिस्टर होडीवर जातो, त्याची होनारी बायको मासे विकनारी हाय. घरात कोनीतरी मासे धुतले पायजेत, नाय तर खारी हवा दारं खाते. माझी पेटी आता इथूनच निघेल. ते पन मी ठरवलंय, कोनी ठरवून दिलं नाय.

आता कुस्तीचं.

तू लिहिलंस आमलकी एकादशी, मटन, आनि माझी टीव्हीवर फायटिंग. मी क्रिस्टिनाला म्हटलं, पुन्हा लिही, तुझं चुकलं असेल. तिने पुन्हा तेच लिहिलं. सरोज, उपासकाळात मी टीव्हीला हात लावत नव्हते हे तुझ्यापेक्षा जास्त कोनाला म्हायती? तू हे विसरलीस म्हनजे संपलंच.

तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. तूच सांगितलंस मना, आमच्या पायरीवर बसून. आधी सनवार उलटेपालटे झाले, मग मानसं. शेवटी तुला म्हनाली, बाई तुम्ही कोन? आनि कोनीतरी चूक काढली की ती कशी घाबरायची, कोपऱ्यात जाऊन बसायची, ते पन सांगितलंस. म्हनालीस, मना असं झालं तर माझी चूक काढू नको ग क्लेमेंटीन, हो म्हन.

म्हनून हो म्हटलं.

तुझ्यासाठी मी उपासकाळात मटन खाल्लं, सरोज. तुझी चटई खराब केली. नसलेली. बदाम पन त्याच्यासाठीच. आनि ॲलिस्टर कुलूप तोडेल म्हटलं ते अशासाठी की चावी कुठे ठेवली ते तुला आठवत नसेल आनि तू घर धुंडाळत बसशील. धमकी कसली!

रविवारी इथला फादर कम्युनिअन द्यायला घरी आला. त्याला सांगितलं, फादर, मी खोटं बोलले. उपासकाळात मटन खाल्लं असं लिहिलं आनि खाल्लं नव्हतं. त्याने पाटीवर लिहिलं, म्हनजे पाप न करता केलं म्हनालात? मी म्हटलं, हो. तीन नमो मरिया म्हनायला सांगितल्या आनि हसत गेला.

सेबेस्टियन काय म्हनाला होता? जो पडतो तोच उडी मारतो. तू मना उचलून फेकायला आलीस, आनि मी स्वतःच उडी मारली. तुझी कंबर मोडू नये म्हनून. आता खोटं म्हन नाय तर काय पन म्हन.

चावी दे पोराला. मी स्वतः सांगते. हे खाली डाव्या हाताने काढलंय ते माझं हाय.

क्ले


॥ श्री ॥

तुळिंज
४ ऑक्टोबर २०२५, आश्विन शुद्ध द्वादशी

क्लेमेंटीन,

तुझं ते डाव्या हाताचं 'क्ले' मी देव्हाऱ्यात चावीच्या जागेवर ठेवलं आहे. अक्षर घसरत घसरत कागदाच्या कोपऱ्यात गेलंय. ओहोटी. तेव्हा पटलं, ही तूच.

पत्र काल आलं. पाशांकुशा एकादशी होती. मी ते यांना वाचून दाखवायला घेतलं आणि मटणाच्या ओळीवर अडकले. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ती माझ्यापेक्षा जास्त संशयी निघाली." मी तुला खोटी म्हणत होते आणि तू मला म्हातारी म्हणत होतीस. दोघींनी एकमेकींची परीक्षा घेतली आणि दोघी नापास.

रागही आहे. आठ महिने मला फसवलंस. माझ्यासाठी चार बदाम, आणि तुझ्यासाठी मी एक उपवाससुद्धा धरू नये? म्हणतेस रडलीस तर दिसेल. दिसू दे. डोळे चांगले आहेत म्हणालीस ना, मग बघ.

सकाळी ॲलिस्टरला फोन करून पाचूबंदरला बोलावलं. कुलूप गंजलं होतं, खोबरेल तेल घालून मीच काढलं. चावी त्याच्या हातात ठेवताना मी म्हटलं, "तुझ्यावर संशय घेतला, मनात ठेवू नकोस." तो म्हणाला, "आंटी, ती लोणच्याची बरणी मीच फोडली होती." म्हटलं, ते मला त्याच दिवशी माहीत होतं. मग आत जाऊन तो तोंड धुतो म्हणाला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. हरेश्वर तांडेल काठी घेऊनच आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तुझा टीव्ही अजून तिथेच आहे. त्यावर पांढरी चादर, चारी बाजूंनी खोचलेली. बडोद्याला निघालीस तेव्हा उपासकाळ नव्हता, तरी टाकलीस. मी ती काढून घडी केली आणि पिशवीत घातली. टीव्ही ॲलिस्टर भंगारात देणार आहे, देऊ दे. चादर चांगल्या कापडाची आहे, मी बरोबर आणते.

हो, येते आहे. सतरा तारखेला रमा एकादशी आहे. सकाळच्या गाडीने निघते. कौस्तुभ बसवून देईल, जेसनने उतरवून घ्यावं. येऊ नकोस असं पत्र पाठवलंस तर ते मला मिळालं नाही असं मी समजणार. कढीपत्त्याचं रोप आणते. माझ्या उपासाचं माझं मी घेऊन येते, क्रिस्टिनाला म्हणावं काही करू नकोस. तू मात्र त्या रात्री मटण खा. माझ्यासमोर, मांडीवर वाटी घेऊन. एकदा खोटं लिहिलं आहेस, ते मी तसंच राहू देणार नाही. उपासकाळ नाही, तेव्हा फादरला सांगायची गरज नाही.

रात्री जेसनच्या मोबाइलवर एखादी जुनी फायटिंग लावायला सांगू. शिंगाळा मिळतो का बघू, म्हातारा झाला असेल. तुला ऐकू येत नाही, मला त्यांचं इंग्रजी कळत नाही. आवाज बंदच ठेवू.

सरोज